मस्कत की दम्माम? आखातात बिगरमुस्लिमांना पूजा, मीस (चर्चमधली प्रार्थना), अंत्यविधी यांची खरी मोकळीक किती?

साखळीकर

धाकट्या भावाला दोन ठिकाणांहून नोकरीची पत्रं आली आहेत, एक मस्कतहून (ओमान), दुसरं दम्मामहून (सौदी अरेबिया). भाऊ हिंदू, वहिनी ख्रिस्ती. लग्न म्हापशाला सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदलेलं, मुलगी सहा वर्षांची. पगारात फार फरक नाही, म्हणून बाकीच्या गोष्टी तोलतोय. एक जण म्हणतो, "तिकडे सगळं चालतं, देवळंसुद्धा आहेत." दुसरा म्हणतो, "देवाचा फोटोही काढून घेतात." दोघांचंही पुरतं पटत नाही. घरात देव ठेवता येतील का, चवथ (गणेशचतुर्थी) कशी करायची, वहिनीला मीस कुठे मिळेल, कागद कोणते न्यायचे, आणि वेळ वाईट आलीच तर काय? माहीतगारांनी देशाचं नाव घेऊन लिहावं. "आखातात असं असतं" एवढ्याने भागत नाही.

मत्रा_बंदर

देशाचं नाव घेऊनच लिहायला हवं, कारण तुमच्या दोन पत्रांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

ओमानच्या २०२१ च्या मूलभूत कायद्यात इस्लाम हा राज्यधर्म आहे. इतरांना आपले विधी 'मान्य रूढीनुसार', सार्वजनिक व्यवस्थेला बाधा न आणता, करण्याची मुभा आहे. मान्य काय आणि कुठे, हे अवकाफ (धार्मिक कामकाजाचं) मंत्रालय ठरवतं. म्हणजे पंथाची नोंदणी हवी आणि प्रार्थना ठरवून दिलेल्या जागेत हवी. त्या जागाही सुलतानांनी दिलेल्या जमिनींवर आहेत. मस्कतमध्ये रुवी आणि घाला इथे चर्चेस आहेत, सोहारला एक आहे, आणि सलालाहचं कॅथलिक चर्च चक्क गोंयच्या सायबाच्या नावाने, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, आहे. हिंदूंसाठी जुन्या मस्कतमध्ये अल आलम राजवाड्याजवळ शंकराचं देऊळ आहे, शंभराहून जास्त वर्षांचं, आणि दारसैतला कृष्णमंदिर. हे सारं गेल्या दहा-वीस वर्षांतल्या उदारपणातून आलेलं नाही. कच्छ-मांडवीचे व्यापारी शतकानुशतकं त्या बंदरात आहेत, म्हणून आलंय. कनकसी खिमजी या हिंदू व्यापाऱ्याला सुलतानांनी 'शेख' ही पदवी दिली होती, यावरून त्या नात्याची कल्पना यावी.

तिथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार, त्यामुळे मीसची मुख्य गर्दी शुक्रवारी असते. वहिनींना पहिले काही महिने वार चुकल्यासारखे वाटतील.

आता दम्माम. सौदीत एकही चर्च नाही, एकही देऊळ नाही, जाहीर उपासनेला परवानगी नाही. घरात, दार लावून, आपल्यापुरतं केलं तर यंत्रणा सहसा लक्ष देत नाही. २०१६ मध्ये धार्मिक पोलिसांचा अटकेचा अधिकार काढल्यापासून वातावरण बरंच सैलावलं आहे. पण ही चालत आलेली ढील आहे. तिच्या पाठीशी लिखित कायदा नाही, हे भावाने डोक्यात पक्कं ठेवावं. तक्रार झाली तर दाखवायला कलम नसतं.

दम्मामची एक जमेची बाजू मात्र नकाशात आहे. किंग फहद पूल २५ किलोमीटरचा, पलीकडे बहारीन. मनामाला सेक्रेड हार्ट चर्च १९३९ च्या नाताळापासून चालू आहे आणि श्रीनाथजींचं मंदिर १८१७ चं, ठठ्ठाई भाटियांनी उभं केलेलं. अवालीला २०२१ मध्ये मोठं कॅथेड्रलही झालं. पूर्व सौदीतले लोक सण-वाराला तिकडे जातात. लोक अडकतात ते परवान्यावर. सौदीतून बाहेर पडून परत यायला एक्झिट-रीएंट्री लागते, तीन महिन्यांच्या मल्टिपलला ५०० रियाल, आणि बहारीनचा व्हिसा वेगळा. सुट्टीच्या दिवशी पुलावर तासन् तास गाड्यांची रांग. 'दर आठवड्याला जाऊ' असं ठरवणारे बहुतेक जण दोन महिन्यांत नाताळ-ईस्टरवर येतात.

माटोळी

सामानाबद्दल लिहिते, कारण गोंधळ खरा तिथे होतो.

खसखस नेऊ नका. नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) सारणात घातलेलीसुद्धा नको. अमिरात आणि सौदीत ती अमली पदार्थांच्या यादीत धरली जाते. भाऊ मस्कतला जाणार असला तरी विमान दुबई किंवा अबू धाबीला बदलणार असेल तर तोच प्रश्न. सौदीत जायफळावरही बंदी आहे, तेव्हा आईने दिलेला घरचा मसाला आणि मोदकाचं सारण दोन्ही तपासा. कापूर आणि काडेपेट्या ज्वालाग्राही म्हणून विमानाचेच लोक काढतात. सुकं खोबरंही चेक-इन बॅगेत चालत नाही, त्यात तेल असतं म्हणून. याचा धर्माशी काही संबंध नाही, पण जप्ती झाली की घरी फोन जातो: "देवाचं सामान काढून घेतलं."

पोथी, बायबल, जपमाळ, छोटी मूर्ती स्वतःच्या वापरापुरती एक-एक घ्या. कस्टमला खटकतो तो गठ्ठा. एकाच पुस्तकाच्या दहा प्रती म्हणजे वाटपासाठी, आणि वाटप म्हणजे धर्मप्रचार. कुणी "चर्चच्या लोकांना द्या" म्हणून पुड्या बांधून दिल्या तर सरळ नाही म्हणा.

घरात देवघर आतल्या खोलीत. उदबत्ती-धूप छतावरच्या स्मोक डिटेक्टरपासून लांब, शक्यतो स्वयंपाकघरात चिमणी चालू करून. अलार्म वाजला तर अख्खी इमारत खाली उतरते आणि वॉचमनला कारण सांगावं लागतं. घंटा-शंख-झांजा शेजाऱ्यांच्या नमाजाच्या वेळी नकोत.

चवथीला पाच-दहा कुटुंबं बोलावून भजन-फुगडी हा बेत मस्कतमध्ये अगदी सहज चालतो.

मत्रा_बंदर

माटोळीताई, शेवटचं वाक्य दुरुस्त करतो. ओमानमध्ये सामूहिक उपासना मान्य जागेतच करायची, असा नियम आहे. घरी जेवायला पाहुणे आले आणि देवाला हात जोडले, याकडे कोणी बघत नाही. पण ग्रुपवर निमंत्रण, वर्गणी, माईक, इमारतीबाहेर गाड्यांची रांग असं झालं की ती नोंद नसलेली सभा ठरते. मोठं करायचं तर मंदिराच्या आवारात किंवा परवाना असलेल्या भारतीय मंडळाच्या कार्यक्रमात.

माटोळी

मान्य. 'सहज' हा शब्द मी सैल वापरला.

दस्तऐवज

कागदांचं नीट ऐका, कारण धर्माचा प्रश्न आखातात बहुतेक वेळा कागदातूनच दारात येतो.

विवाहनोंदीचा दाखला: ओमान, बहारीन आणि डिसेंबर २०२२ पासून सौदी, हे अपोस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचा एकच प्रमाणशिक्का) मानतात. अमिरात, कुवेत, कतार मानत नाहीत. तिथे राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाची वकिलात अशी साखळी लागते. घाई करणारा एजंट ओमानसाठीही वकिलातीचा शिक्का लावून पैसे घेतो, सांभाळा. आपल्याकडची नेहमीची अडचण म्हणजे नाव. नोंदीत वहिनींचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि आडनावाचं रोमन स्पेलिंग तिसरंच. निघण्याआधी एकरूप करा किंवा प्रतिज्ञापत्र जोडा. पती-पत्नी दोन धर्मांचे असले तरी दोघंही बिगरमुस्लिम आहेत आणि लग्न नोंदलेलं आहे, त्यामुळे फॅमिली व्हिसाला त्यावरून अडचण येऊ नये.

अर्जात धर्माचा रकाना असतो. खरा धर्म लिहा आणि टायपिंग सेंटरने काय भरलं ते छापण्याआधी वाचा. सौदीच्या इकाम्यावर (निवासपरवान्यावर) मुस्लिम की बिगरमुस्लिम हे नोंदलेलं असतं. चुकून 'मुस्लिम' पडलं आणि दुर्लक्ष केलं, तर पुढे विवाह, वारसा, मुलीचा धर्म सगळीकडे तीच नोंद धरली जाते. ती नंतर बदलणं म्हणजे इस्लाम सोडण्यासारखं दिसतं, म्हणून चूक त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्यावी.

वारसा: अमिरातीत १ फेब्रुवारी २०२३ पासून बिगरमुस्लिमांसाठी वेगळा दिवाणी कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर अर्धं पती किंवा पत्नीला, अर्धं मुलांत समान, मुलगा-मुलगी भेद नाही. सौदीत असा वेगळा मार्ग नाही, न्यायालय शरियतनेच चालतं. तुमच्या भावाचा लग्नाआधी वेगळा करार झालेला नसेल तर गोव्याच्या कायद्याने त्याची मालमत्ता पती-पत्नीची सामाईक आहे. म्हणजे अर्धी वहिनींची आजही आहेच, ती वारशाने मिळायची नाही. उरलेल्या अर्ध्याचा वारसा मुलीला. मृत्युपत्रानेही सक्तीच्या वारसांचा हिस्सा कापता येत नाही, स्वतःच्या वाट्यातला अर्धाच भाग मोकळेपणी देता येतो. आकडे दुबईसारखेच दिसतात, पण पाया निराळा. तेव्हा परदेशातल्या बँक खात्यापुरतं एक मृत्युपत्र आणि इथल्या घरासाठी नोटरीकडे दुसरं करावं. एकाने दुसरं रद्द होणार नाही असं वाक्य दोन्हींत हवं. हेच वाक्य विसरलं जातं.

मृत्यू: कटू आहे, पण विचारलंय. इस्पितळाचा अहवाल, पोलिसांचं ना-हरकत, स्थानिक मृत्यू दाखला, भारतीय दूतावासात नोंद आणि पासपोर्ट रद्द, मग व्हिसा रद्द, एम्बाल्मिंगचा दाखला, शेवटी कार्गो बुकिंग. क्रम मोडला की फाइल परत येते. गोव्यात दाबोळी विमानतळ की मोपा, आणि त्या विमानात पार्थिव घेतात का, हे बुकिंगआधी विचारा. दहन करायचं तर सौदी, कुवेत, कतारमध्ये सोय नाही. ओमानमध्ये सोहारला आहे, मस्कतहून सुमारे २०० किलोमीटर. बहारीन आणि अमिरातीतही आहे. अस्थी आणायला दहनाचा दाखला, मृत्यू दाखला, दूतावासाचं पत्र आणि सीलबंद कलश. दफनाची सोय बहुतेक ठिकाणी असते, पण जागा मोजकी.

विमा: मजूर वर्गाला लागणारी प्रवासी भारतीय विमा योजना, १० लाखांची, पार्थिव आणण्याचा खर्च धरते. पण ती ईसीआर (परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरी लागणाऱ्या) पासपोर्टवाल्यांना सक्तीची. तुमचा भाऊ दहावी किंवा त्यापुढे शिकलेला असेल तर तो त्यात आपोआप येत नाही. कंपनीच्या करारात 'पार्थिव मायदेशी पाठवण्याचा खर्च' हे शब्द आहेत का ते वाचा.

साखळीकर

हे सोनं आहे. एक भाबडा प्रश्न. मग मुस्लिम देशांत अल्पसंख्याकांना स्वातंत्र्य आहे म्हणायचं की नाही? घरी रोज यावरून वाद.

अंत्रुज

वाद मिटत नाही, कारण घरातले लोक दोन वेगळ्या माणसांबद्दल बोलत असतात. तुमचा भाऊ तिथे पाहुणा आहे. करार संपला की तो परत येणार. त्याला जागा मिळते का, एवढाच प्रश्न. तिथलाच नागरिक असलेला ख्रिस्ती, हिंदू, बहाई, अहमदी याचा प्रश्न वेगळा. त्याचं लग्न, मूल, जमीन, न्यायालय सगळं तिथेच असतं. दुबईतल्या देवळाचा फोटो दाखवून पाकिस्तानातल्या अहमदीबद्दल काही सिद्ध होत नाही, आणि उलटंही नाही.

पाहुण्याच्या बाबतीत सारं राज्यकर्त्याच्या मर्जीवर आणि जमिनीच्या तुकड्यावर असतं, आणि हे अंत्रुजच्या (फोंडा भागातल्या) माणसाला समजावून सांगायला नको. १५६० च्या सुमारास कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा जुवारी ओलांडून फोंड्याच्या बाजूला आल्या, तेव्हा तिथे विजापूरची आदिलशाही होती. ख्रिस्ती राज्यातून निघालेले देव मुसलमान राजाच्या मुलखात टेकले. त्या राजाने कुठलीही सनद काढून 'धर्मस्वातंत्र्य' जाहीर केलं नव्हतं. राहू दिलं, बस्स. मस्कतचं शंकराचं देऊळ त्याच जातीचं आहे. टिकाऊ असू शकतं, मागता मात्र येत नाही.

जुन्या व्यवस्थेत याला नावही होतं, धिम्मा. जिझिया भरा, आपले विधी आपल्यात चालवा, विवाह-वारशाचे खटले आपल्याच धर्मगुरूकडे न्या. त्या काळच्या युरोपात ज्यूंना याहून वाईट वागणूक मिळे, हे खरं. बरोबरी मात्र नव्हती, हेही तितकंच खरं. ऑटोमनांनी १८५६ च्या फर्मानाने बरोबरी जाहीर केली, पण विवाह-वारसा धर्मागणिक वेगळा ठेवण्याची पद्धत लेबनॉनपासून इजिप्तपर्यंत उरली. म्हणूनच आजही अडचण देवळाच्या दारात कमी आणि विवाहनोंदणीच्या खिडकीवर जास्त येते.

मलेशियाचं इंदिरा गांधी प्रकरण बघा (नाव तेच, बाई इपोहच्या बालवाडी शिक्षिका). २००९ मध्ये नवऱ्याने इस्लाम स्वीकारला आणि तिन्ही मुलांचं धर्मांतर आईला न विचारता नोंदवलं. शरियत न्यायालयात ती बिगरमुस्लिम म्हणून दाद मागू शकत नव्हती, आणि दिवाणी न्यायालय म्हणे हा विषय आमचा नाही. २९ जानेवारी २०१८ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: अल्पवयीन मुलाच्या धर्मांतराला दोन्ही पालकांची संमती हवी. नऊ वर्षं त्या दोन न्यायालयांच्या मधल्या फटीत गेली. देऊळ बांधू देतात की नाही, याच्याशी तिच्या दुःखाचा काही संबंध नव्हता.

सिंधमधल्या हिंदूंनाही २०१६ पर्यंत लग्न नोंदवायला कायदाच नव्हता, बाकी पाकिस्तानात २०१७ मध्ये आला. तोवर विधवेने नवऱ्याच्या नावाचा पुरावा काय द्यायचा? कराचीच्या गोवेकर कॅथलिकांकडे ख्रिस्ती विवाहाचा १८७२ चा ब्रिटिश कायदा होता, म्हणून त्यांचे दाखले निघत.

इंडोनेशियात प्रार्थनास्थळासाठी २००६ चा नियम आहे: भाविकांची ९० नावं ओळखपत्रांसह, शिवाय आसपासच्या ६० रहिवाशांची संमती. ऐकायला पंचायतीच्या ना-हरकतीसारखं वाटतं. व्यवहारात ते ६० जण एका रात्रीत सह्या मागे घेतात. बोगोरच्या एका चर्चच्या बाजूने २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, तरी पालिकेने कुलूप काढलं नाही. शेवटी २०२३ मध्ये दुसऱ्या जागेवर चर्च झालं. हिंदुबहुल बालीत तोच नियम मशिदीला लागतो, हे सांगायला हवं.

आणि जी गोष्ट आपल्याकडच्या चर्चेत कधीच येत नाही ती अशी: सगळ्यात जड हात बहुधा 'दुसऱ्या धर्माच्या' माणसावर पडत नाही. पडतो तो इस्लाम सोडणाऱ्यावर किंवा त्याचा वेगळा अर्थ लावणाऱ्यावर. इराणच्या संसदेत ज्यू, झरतुष्ट्री आणि ख्रिस्ती यांना मिळून ५ जागा आहेत, पण बहाईंना घटनेत नावही नाही. पाकिस्तानने १९७४ मध्ये अहमदींना बिगरमुस्लिम ठरवलं आणि १९८४ मध्ये आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणंही गुन्हा केलं. गंमत म्हणजे पाकिस्तानचे पहिले परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान अहमदीच होते. १९४८ मध्ये मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात धर्म बदलण्याचा हक्क आला, सौदी तटस्थ राहिला, आणि जफरुल्ला खानांनी कुराणाचा दाखला देऊन त्या हक्काची बाजू घेतली.

ईशनिंदेच्या कलमांवर बोलताना आपणही जरा जपून. पाकिस्तानच्या २९५-सी चं थोरलं भावंड २९५-ए हे १९२७ चं, अखंड भारतातलं, आणि ते नव्या क्रमांकाने आपल्या न्याय संहितेत आहे. आपल्याकडे त्यात कमाल तीन वर्षं. २९५-सी मध्ये १९८६ पासून देहदंड. फरक केवढा ते उघड आहे, पण मूळ एकच.

दस्तऐवज

अंत्रुजभाऊंच्या शेवटच्या मुद्द्यातून भावासाठी एकच गोष्ट उचला: मोबाइल. ओमानच्या २०१८ च्या दंडसंहितेत धर्माच्या अवमानाला ३ ते १० वर्षं आहेत. सौदीच्या २००७ च्या सायबर कायद्यात धार्मिक मूल्यांना धक्का देणाऱ्या मजकुराला ५ वर्षांपर्यंत. गावच्या ग्रुपवरचं फॉरवर्ड पुढे ढकललं तरी ते तुमचंच धरतात. २०२० च्या एप्रिलमध्ये अमिरातीत कित्येक भारतीयांच्या नोकऱ्या अशा पोस्टींवरून गेल्या आणि आपल्या राजदूतांना जाहीर सूचना द्यावी लागली. निघण्याआधी अशा ग्रुपांतून बाहेर पडा. नुसतं म्यूट करून उपयोग नाही, फोटो आपोआप डाउनलोड होतात.

रमजानमध्ये दिवसा रस्त्यात, गाडीत पाणीसुद्धा पिऊ नका. कुवेतमध्ये तर १९६८ पासून यासाठी १०० दिनारपर्यंत दंड किंवा महिनाभर कैद आहे.

साखळीकर

भावाला सगळं वाचून दाखवलं. कल मस्कतकडे आहे. वहिनींचा प्रश्न: भारतीय शाळेत मुलीला इस्लामचा विषय घ्यावा लागेल का? आणि भावाचा: गणपती इथून नेता येईल का?

मत्रा_बंदर

नाही, तो विषय मुस्लिम मुलांना. प्रवेशअर्जातला धर्माचा रकाना मात्र इथेही नीट भरा.

माटोळी

शाडूची सहा-सात इंचांची मूर्ती, टॉवेलात गुंडाळून, हातातल्या बॅगेत. चेक-इनमध्ये टाकली की हात तुटतो. एक्स-रेला घट्ट माती काळी दिसते, उघडून दाखवायला सांगतील, म्हणून सेलोटेप कमी लावा. माटोळीची (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीची) हिरवी फळं, घागऱ्यो, कांगलां नेऊ नका. ताज्या झाडपाल्याला रोगमुक्तीचा दाखला लागतो. तिथे नारळ, लिंबं, केळी, दोडके मिळतात. भाड्याच्या घरात छताला भोकं पाडायची नाहीत, तेव्हा कपडे वाळत घालायच्या स्टँडवरच माटोळी बांधा, वजन पाच-सहा किलोच्या आत. विसर्जन समुद्रावर नको. बादलीत करा, माती दोन दिवसांत विरघळते, आणि ती कुंडीत घाला. सिंकमध्ये ओतू नका, शाडू पाइपात बसतो आणि प्लंबरचे पैसे घरमालक तुमच्याकडूनच घेतो.